पाठीवरचं ऊन

एक्स-रेच्या खोलीला लागून असलेल्या त्या खोलीत शिरलं की आधी नाकात ओल्या चुन्यासारखा वास शिरायचा. मग दिसायचं टेबल, त्यावर अंथरलेलं रबरी कापड, कोमट पाण्याची बादली, कापसाच्या गुंडाळ्या आणि खिळ्याला लटकवलेलं प्लास्टर कापायचं यंत्र. त्या यंत्राच्या नुसत्या घरघरीने भलेभले गडी डोळे मिटून घ्यायचे. आणि या सगळ्याच्या मध्ये, कोपरापर्यंत पांढरे झालेले हात घेऊन उभे असायचे प्लास्टरमामा.

'मामा' हे नाव हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी पाडलं. ते डॉक्टरांनी उचललं, मग पेशंटांनी, आणि शेवटी शेजारपाजारच्या बायका त्यांच्या बायकोलाही मामी म्हणू लागल्या. माणूस उंच, काटकुळा. एरवी बोलघेवडा, पण हात चालू असले की तोंड बंद. ओली पट्टी मोडलेल्या हाडाभोवती गुंडाळायची, ती तळव्याने दाबून घडवायची, बोटाचं टोक कुठे रुतू द्यायचं नाही, कारण बोटाएवढा खळगा आत राहिला तर तो कातडी खातो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं.

त्या टेबलावर येणाऱ्यांत मोटरसायकलवरून पडलेले लोक सगळ्यात जास्त. मनगट मोडलं असेल तर पडताना हात टेकलेला. खांद्याजवळचं हाड मोडलं असेल तर हँडलवरून उडालेला. आणि नडगीचे तुकडे झाले असतील तर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं तोंड मध्ये आलेलं.

"कसं झालं?" मामा विचारायचे.

"कुत्रं आडवं आलं."

"या कुत्र्यांना कुणी पगारावर ठेवलंय का, ते एकदा बघायला पाहिजे," मामा म्हणायचे. पेशंट कण्हता कण्हता हसायचा, आणि तेवढ्यात मामांनी त्याचा हात हवा तसा सरळ धरलेला असायचा.

पण हसण्यावारी न्यायचे पेशंट वेगळे आणि न्यायचे नाहीत ते वेगळे. काही जण या खोलीपर्यंत यायचेच नाहीत. त्यांचं स्ट्रेचर व्हरांड्यातून सरळ पुढे जायचं. बरोबरची माणसं हातात रिकामं हेल्मेट धरून मागोमाग पळायची. मामा दारातून बघायचे. हेल्मेटवर एकही ओरखडा नसायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं आणि गडगडत बाजूला जातं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते नुसतं बघून बघून कळलं होतं.

म्हणून स्वतः गाडी चालवताना त्यांचं वागणं लोकांना हसू येईल असं झालं होतं. जुनी, दणकट, टाकीवरचा रंग उडालेली त्यांची मोटरसायकल. निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने दाबून बघायचे, चेन बघायची, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली असा आवळायचा की मामी म्हणायच्या, "अहो, श्वासापुरती जागा ठेवा." कडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या शेजारून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर सोडायचे. ट्रकच्या डाव्या बाजूला कधी थांबायचे नाहीत. म्हणायचे, "त्या ड्रायव्हरच्या लेखी आपण तिथे जन्मालाच आलेलो नसतो."

एकदा कँटीनमध्ये एक्स-रेवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, काल तुम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं म्हणे."

"टाकू दे," मामा म्हणाले. "घाईतल्या माणसाची आणि माझी गाठ शेवटी टेबलावर पडतेच."

मामांचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायचा. आईवडील गेल्यापासून मामांनी आणि मामींनीच त्याला वाढवलं. तो चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होता. तयार चष्मे दुकानांत पोचवायचं कामही त्याच्याकडेच. दिवसभर मोटरसायकलवर. देखणा, हजरजबाबी, आणि वाऱ्यावरची वरात. हेल्मेट घालायचा, पण टोपी घालावी तसं. पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबकळायचा.

"पट्टा," मामा दारातून ओरडायचे.

"लावतो, दादा, कोपऱ्यावर गेलो की."

"डोकं काय कोपऱ्यावर ठेवलंयस?"

धाकटा हसून निघून जायचा. मामी आतून म्हणायच्या, "किती कानीकपाळी ओरडाल? तो ऐकणाऱ्यातला नाही."

मामांनी तरी हट्ट सोडला नाही. एका सुट्टीच्या दिवशी ते त्याला हॉस्पिटलमागच्या बंद गोदामाच्या आवारात घेऊन गेले. जमिनीवर खराब झालेल्या प्लास्टरच्या पुडीने एक रेघ मारली आणि म्हणाले, "या रेघेवर ब्रेक दाब. गाडी कुठे थांबते बघू." धाकट्याने नुसता मागचा ब्रेक दाबला. चाक फरफटत गेलं, गाडीने शेपूट हलवलं, आणि ती भलतीकडेच जाऊन थांबली. मग मामांनी करून दाखवलं. दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू आवळत, गाडी सरळ, नजर लांब. गाडी निम्म्या अंतरात उभी राहिली. धाकट्याची चेष्टा तिथे जरा कमी झाली. संध्याकाळपर्यंत तो तेच करत राहिला, आणि शेवटी मामांपेक्षाही आधी थांबायला लागला.

"पुढच्यापासून एवढं अंतर ठेवायचं की तो अचानक भिंत होऊन उभा राहिला तरी आपण त्याला शिवणार नाही," मामा म्हणाले.

"आणि मधल्या जागेत दुसरा कुणी घुसला तर?"

"तर आणखी मागे सरकायचं. ती जागा आपली असते, रे. ती सोडायची नाही."

त्यानंतरची गोष्ट थंडीच्या दिवसांतली. सकाळी मामा कामावर निघाले होते. ऊन नुकतंच घरांच्या वर आलं होतं आणि पाठीवर छान पडत होतं. रस्ता सरळ, रोजचा. त्यांची स्वतःची सावली पुढे लांबलचक पसरली होती. हेल्मेटमुळे तिचं डोकं भोपळ्याएवढं दिसत होतं. ते बघून त्यांना हसू आलं. हे हसू त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं.

डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक निळी गाडी थांबली होती. आत एक बाई. तिने मान वळवून सरळ मामांकडे पाहिलं. चष्म्याच्या काचा चमकल्या. पाहिलंय तिने, असं मनाशी म्हणून मामांनी ब्रेकवरची बोटं सैल सोडली.

आणि गाडी निघाली.

मामांनी दोन्ही ब्रेक दाबले. चाक घसरलं नाही. मोटरसायकल सरळ राहिली. सगळं शिकवल्यासारखं झालं, फक्त रस्ता पुरला नाही. गाडीचा पुढचा कोपरा आणि त्यांचं इंजिन यांच्यामध्ये त्यांचा डावा पाय होता. मग ते उडाले आणि त्यांचं डोकं फूटपाथच्या कडेवर आपटलं. आपटल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला, दुसऱ्या कुणाच्या डोक्याचा असावा तसा.

शुद्ध गेली नव्हती. कुणीतरी हेल्मेट ओढायला लागलं. मामा ओरडले, "हेल्मेट काढू नका, मान हलवू नका! पाय जखमेच्या वर घट्ट बांधा, काहीही बांधा!" बांधलं त्या निळ्या गाडीतल्या बाईनेच, आपल्या गळ्यातला रुमाल काढून. तिला गाठ मारता येईना, ती मामांनीच मारली.

त्यांना आणलं त्यांच्याच हॉस्पिटलात. नेहमीच्या व्हरांड्यातून त्यांचं स्ट्रेचर निघालं आणि प्लास्टरच्या खोलीवरून पुढे गेलं. आपण कुठे वळलो नाही हे त्यांना कळलं.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. मामांनी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं होतं, पण त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मामा," त्या म्हणाल्या, "नडगीचं हाड..."

"हाडाचं राहू द्या, बाई. पावलाचा रंग सांगा."

त्यांनी चादर उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "काळपट आहे. गार आहे. आम्ही रक्त पोचवायचा प्रयत्न करतोय."

"किती वेळ झाला?"

"बराच."

"मग थांबू नका," मामा म्हणाले. "गुडघा वाचवा. गुडघा राहिला तर मी उभा राहून काम करीन." एवढं बोलून मात्र ते लहान मुलासारखे रडले, आणि डॉक्टरीणबाई त्यांचा हात धरून बसून राहिल्या.

गुडघा राहिला. त्याखालचा पाय गेला.

मामींनी हॉस्पिटलात डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्या यायच्या, डबा उघडायच्या, चादर नीट करायच्या, सिस्टरांशी बोलायच्या. फक्त चादरीच्या त्या सपाट भागाकडे बघायच्या नाहीत. एकदा मामांची बोटं सळसळली. नसलेल्या पावलाची. त्यांच्या तोंडून सहज निघालं, "अगं, जरा अंगठा खाजव." मामींचा हात नकळत पुढे गेला आणि चादरीवर रिकाम्या जागी पडला. मग त्या उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

धाकट्याचं वेगळंच झालं. पहिले काही दिवस तो बोललाच नाही. मग एका संध्याकाळी आला. फुटलेलं हेल्मेट पोलिसांकडून घरी आलं होतं, ते त्याने पिशवीतून काढून पलंगावर आपटलं. एका बाजूने ते आतपर्यंत तडकलं होतं.

"हे घे तुझं," तो म्हणाला. "पट्टा लाव, ब्रेक बघ, अंतर ठेव! आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून चालवलीस ना गाडी? काय मिळालं? माझा पट्टा कधी लागलेला नसतो आणि मी धडधाकट उभा आहे. आता मला काही सांगू नकोस, दादा. ज्याचं जायचं त्याचं जातं."

"अरे, हे हेल्मेट बघ तरी."

"बघितलं! ते वाचलं असतं आणि पाय राहिला असता तर बघितलं असतं!"

त्याच्या या बोलण्याला काही अर्थ नव्हता, पण मामांना राग आला नाही. तडकलेल्या जागी त्यांनी बोट ठेवलं. "ही भेग माझ्या कपाळाला पडायची होती," ते म्हणाले. "मग तू भांडला असतास कुणाशी?"

धाकटा निघून गेला. त्या दिवसापासून तो हेल्मेट घरीच ठेवून जायला लागला. गाडी अशी हाकायचा की कारखान्याच्या मालकाने मामींना बोलावून सांगितलं, "याला जरा समजवा, नाहीतर तुमच्या घरातला दुसराही आडवा होईल." मामींनी हॉस्पिटलात येऊन हे सांगितलं तेव्हा मामा पलंगावर कापलेल्या पायाला पट्टा बांधून व्यायाम करत होते. त्यांनी पट्टा सोडला. पाय जाणार या बातमीपेक्षाही ही त्यांना जड गेली.

मामा घरी आल्यावर ती बाई आली. निळ्या गाडीतली. ग्रंथालयात काम करणारी, साधी, पन्नाशीची. दार धाकट्याने उघडलं. कोण आहे हे कळताच तो दार लावायला लागला.

"येऊ दे त्यांना," मामा आतून म्हणाले.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पर्सचा बंद दोन्ही मुठींत धरलेला. "मी पोलिसांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगायला आलेय," ती म्हणाली. "तुम्ही मला दिसलाच नाहीत."

"खोटं," मामा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमचा चेहरा पाहिला. चष्मा पाहिला. तुम्ही सरळ माझ्याकडे पाहत होतात!"

"पाहत होते. रस्त्याकडे पाहत होते. रस्ता नव्हताच तिथे. नुसतं ऊन होतं. समोर काही आहे हेच कळलं नाही. मी थांबायला हवं होतं, हात आडवा धरून पुन्हा पाहायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मागे हॉर्न वाजत होता, म्हणून निघाले." तिने पर्स खाली ठेवली. "मी तेव्हापासून गाडी चालवलेली नाही. त्याने तुमचं काही भरून येत नाही, हे मला माहीत आहे."

धाकटा दारातून म्हणाला, "माहीत आहे तर मग आलात कशाला?"

"यांनी विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी असावं म्हणून," ती म्हणाली.

 मामांच्या डोळ्यांपुढे ती भोपळ्याएवढ्या डोक्याची सावली होती. पुढे पसरलेली, सरळ त्या गल्लीच्या तोंडाकडे. पाठीवर आपल्याला गोड लागत होतं तेच ऊन या बाईच्या डोळ्यांत घुसत होतं. आपल्याला तिचा चष्मासुद्धा स्पष्ट दिसला, आणि म्हणून आपण धरून चाललो की आपणही तिला तसेच दिसत असू.

"पाणी घ्या," ते शेवटी म्हणाले. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. तिनेही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकट्याला सांगितलं, "मला त्या गल्लीपाशी घेऊन चल."

"मी नाही येणार."

"मी कुबड्या घेऊन एकटा निघतो मग."

मामी मध्ये पडल्या, चिडल्या, "अहो, कशाला जखम उकरताय?" पण मामा ऐकेनात. शेवटी धाकट्याने रिक्षा आणली. ते दोघं गल्लीच्या तोंडाशी, निळी गाडी थांबली होती तिथेच उभे राहिले. मामांचा एक हात कुबडीवर, दुसरा भावाच्या खांद्यावर. थंडी सरत आली होती, पण त्या वेळी ऊन अजून रस्त्यावरून सरळच येत होतं.

"उजवीकडे बघ," मामा म्हणाले. "रस्ता मोकळा आहे का सांग."

धाकट्याने डोळे बारीक केले. "मोकळा आहे."

"नक्की?"

"मोकळा आहे रे, काही नाही..." आणि त्या पांढऱ्या उजेडातून एक मोटरसायकल बाहेर पडली, अंगावर आल्यासारखी, आणि त्यांच्या पुढून झूम करून निघून गेली. धाकटा एक पाऊल मागे सरला. मग दुसरी गेली. तीही त्याला अगदी जवळ आल्यावरच दिसली.

"तू विचारलंस ना, सगळं बरोबर करून काय मिळालं," मामा म्हणाले. "सगळं बरोबर केलं नव्हतं मी. तिने पाहिलं म्हणजे तिला दिसलो, असं समजून मी बोटं सैल सोडली. आपली सावली पुढे पडलेली असली की समोरच्याच्या डोळ्यांत ऊन असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. तेव्हा वेग कमी करायचा, दिवा लावायचा, आणि समोरचा आंधळा आहे असं धरून चालायचं. एवढं एक राहिलं. आणि जे केलं होतं त्याने मी जिवंत आहे."

 रिक्षात बसताना धाकट्याने मामांचा कापलेला पाय उचलून नीट आत ठेवला. तोपर्यंत त्याने त्या पायाला हात लावला नव्हता. पुढच्या सोमवारी तो हेल्मेट घालून निघाला. पट्टा दारातच लावला. मामांनी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

नवा पाय बसला, तो घासला, जखम झाली, परत भरली. मामा कामावर परतले, पण ते पहिले मामा नव्हते. दिवसभर उभं राहता येईना, तेव्हा खोलीत एक उंच स्टूल आलं. कमरेपर्यंतची मोठी प्लास्टरं दुसऱ्याकडे गेली. ती त्यांच्या हातची खासियत होती, आणि ती गेल्याचं त्यांना फार लागलं. संध्याकाळी नसलेलं पाऊल चुरल्यासारखं दुखायचं. तेव्हा मामी दिवा बारीक करून शेजारी बसायच्या.  मोटरसायकल भंगारवाल्याने नेली.

आणि मग एका ढगाळ दुपारी व्हरांड्यातून धाकटा चालत आला. डावा हात उजव्या हाताने उचलून धरलेला, कपड्यांवर धूळ, हेल्मेट डोक्यावर तसंच, पट्टा लागलेला. मामा स्टुलावरून उठले आणि पडता पडता वाचले.

"मनगट आहे," धाकटा म्हणाला. "बाकी काही नाही." 

मामांनी एक्स-रे पाहिला, मनगट ओढून बसवलं, कापूस गुंडाळला, पट्टी भिजवली. धाकटा मध्येच बोलायला लागला, थांबेचना.

"पुढे ट्रक होता, दादा. त्यावरून पोतं पडलं, त्याने करकचून ब्रेक दाबला. मला जागा होती. मी थांबलो. सरळ थांबलो. माझ्या मागे एक जण होता, रंगारी, टाकीवर रंगाचा डबा धरलेला. मी त्याला आरशात बघत होतो, केव्हापासून. दोनदा हाताने खूण केली, मागे राहा म्हणून. तो हसला. मी थांबलो आणि त्याला जागाच नव्हती. त्याने मला वाचवायला गाडी उजवीकडे काढली. माझ्या मागच्या चाकाला घासला, मी पडलो. तो समोरून येणाऱ्या बसवर गेला." त्याने खालचा ओठ दाताखाली धरला. "सगळीकडे पिवळा रंग, दादा. रस्ताभर."

मामांनी पट्टी तळव्याने दाबली. त्यांच्या हाताखाली भावाचा हात थरथरत होता. त्याच्या थरथरीने प्लास्टर बिघडेल म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तो गच्च धरून ठेवला. तेवढ्यात बाहेरून एक स्ट्रेचर गेलं. न थांबता. धाकट्याने मान वळवली नाही.

रंगारी त्याच दिवशी गेला. काही दिवसांनी धाकटा म्हणाला, "मला त्याच्या बायकोकडे जायचंय."  मामा बरोबर गेले. वरच्या मजल्यावरची एक खोली. जिन्याच्या पायऱ्यांवर निरनिराळ्या रंगांचे वाळलेले थेंब. दाराशी पत्र्याच्या डब्यात ब्रश भिजत घातलेले, तेल आटून कडक झालेले. रंगाऱ्याची बायको तिशीतली, केस घट्ट बांधलेली. तिने दोघांना खुर्च्या दिल्या आणि आपण जमिनीवर बसली.

धाकट्याने आपण कोण ते सांगितलं. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"ते जोरात चालवत होते का?" तिने विचारलं.

"नाही, ताई. जोरात नव्हते."

"मग?"

"फार जवळ होते."

"कुणाच्या?"

"माझ्या," धाकटा म्हणाला.

खाली कुणीतरी पाणी भरत होतं, तेवढाच आवाज. मामांना वाटलं, आपण काहीतरी बोलावं, भावाला सोडवावं. पण ते बोलले नाहीत.

"तुम्ही अचानक थांबलात?"

"हो. पुढे पोतं पडलं."

"तुम्हाला थांबायला जागा होती."

"होती."

"आणि त्यांना नव्हती."

"नव्हती, ताई."

तिने मान हलवली. "जो येतो तो नशीब म्हणतो," ती म्हणाली. "नक्की काय झालं ते कुणी सांगत नाही." मग ती पदर तोंडाला लावून रडली. आरडाओरडा न करता, फार वेळ. ते दोघं तसेच बसून राहिले, ती थांबेपर्यंत. निघताना तिने बसल्या जागेवरूनच म्हटलं, "तुमचा राग येतो मला. काय करू?"

"येऊ दे," धाकटा म्हणाला.

पुढे धाकट्याने मालकाला गळ घालून तिला कारखान्यात काम मिळवून दिलं. घासलेल्या काचा पुसून कागदात गुंडाळायचं. ती बसने येते, बसने जाते. धाकट्याशी कामापुरतंच बोलते, तेही कधीमधी. धाकटा अजून मोटरसायकलवर चष्मे पोचवतो. थंडीतल्या सकाळी मनगट ठणकतं. कुणी मागे चिकटलं की हळूहळू वेग कमी करतो, कडेला होतो आणि त्याला पुढे जाऊ देतो.

परवा संध्याकाळी तो गाडी काढत होता तेव्हा ती फाटकातून बाहेर पडत होती. दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"तुमचा मागचा दिवा लागत नाहीये," ती म्हणाली, आणि बसच्या थांब्याकडे निघून गेली.

धाकट्याने गाडी बंद केली. ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली, आणि नवा दिवा बसेपर्यंत तिथे बाकावर बसून राहिला.